‘नवी इमारत म्हणजे हिरवी इमारत’ : हा हिशेब जुळत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हौसेने पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं : ग्रीन सर्टिफिकेटवाल्या नव्या इमारतीत वीजबिल निम्म्यावर येतं, गच्चीवरच्या सोलरवर सगळी सोसायटी चालते, पावसाचं पाणी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असल्यामुळे टँकर लागत नाही, म्हणून जुनी इमारत पाडून नवी बांधणं पर्यावरणाच्या हिताचं. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे. म्हणूनच ते पटतं, आणि म्हणूनच आकडे मांडायला हवेत.

हिशेबासाठी 22 मजली टॉवर धरू. मजल्याला 4 फ्लॅट, म्हणजे 88 घरं आणि साधारण 400 माणसं.

‘सोलरवर सोसायटी चालते.’ अशा टॉवरची गच्ची 450 चौरस मीटरच्या आसपास भरते. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सोलर वॉटर हीटर आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या तर पॅनेलला 150 चौरस मीटर मिळाले तरी खूप. एका किलोवॉटला 10 चौरस मीटर लागतात, म्हणजे 15 किलोवॉट. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 60 युनिट. घरटी पाऊण युनिटही येत नाही. पूर्ण क्षमतेने चालणारा एक टनाचा एसी त्यावर तासभरही टिकणार नाही. आता तीच गच्ची चार मजली, 16 घरांच्या जुन्या इमारतीवर धरा : घरटी पावणेचार युनिट. इमारत उंच गेली की घरं वाढतात, गच्ची तेवढीच राहते. सोलर जरूर बसवा, लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांच्या बिलाला त्याचा मोठा आधार होतो. फक्त टाकीची सावली पडणारी पॅनेलं वेगळ्या स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या ओळीत) जोडून घ्या, नाहीतर दोन पॅनेलं सावलीत गेली की अख्ख्या ओळीची वीज घटते.

‘पावसाचं पाणी आणि एसटीपीमुळे टँकर बंद.’ पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. 450 चौरस मीटर गच्चीवरून, 15 टक्के वाया गेला असं धरून, वर्षभरात सुमारे 2 लाख 68 हजार लिटर मिळतात. माणशी 135 लिटरने 400 माणसांना रोज 54 हजार लिटर लागतात. वर्षाचा सगळा पाऊस पाच दिवसांचा! तोही जून ते सप्टेंबरात, टँकरची ओरड नसते तेव्हा. पाणी जमिनीत मुरवायचं म्हटलं, तर खाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा झिजलेला थर आणि भेगा. दोन मजली तळघर खोदताना नेमका हाच थर कापला जातो. मग एका बाजूला शोषखड्डा आणि दुसऱ्या बाजूला तळघरात झिरपलेलं पाणी दिवसरात्र गटारात सोडणारा पंप, असं चित्र दिसतं. तुमच्या सोसायटीत तो पंप किती तास चालतो ते पाहा.

एसटीपी उपयोगाचाच आहे, पण तो वीज खातो. रोज 43 हजार लिटर सांडपाणी, हजार लिटरमागे साधारण एक युनिट. म्हणजे सोलरची दोन तृतीयांशाहून जास्त वीज एकट्या एसटीपीत गेली. बिघाड बहुतेक सुरुवातीलाच होतो. निम्मी घरं रिकामी असतात, बिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवतात, हवेअभावी जिवाणू मरतात आणि वास सुटतो. दुसऱ्या प्लांटमधला गाळ आणून टाकला तरी घडी बसायला दोन-तीन आठवडे जातात. ब्लोअर बंद न ठेवता भाराप्रमाणे कमी वेगाने चालवा.

‘वीजबिल निम्मं.’ जाहिरातीतलं सर्टिफिकेट बहुधा नकाशावर मिळालेलं प्राथमिक असतं. तुमचं मीटर कोणी पाहिलेलं नसतं. घर किती तापणार हे भिंत ठरवते. मिवान पद्धतीत, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधताना, बाहेरची भिंतही काँक्रीटची. 160 मिलिमीटर काँक्रीटची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप) 3.7 च्या आसपास, तर 200 मिलिमीटर एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) 0.8 च्या आत. म्हणजे तेवढ्याच उन्हात काँक्रीटमधून चौपटीहून जास्त उष्णता आत येते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि बाहेर वारा सुटला तरी बेडरूममध्ये रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. त्यात एलिव्हेशनसाठी, म्हणजे दर्शनी रूपासाठी, छज्जे काढून टाकलेले, आणि सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडणारा. केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत यासाठीच आरईटीव्ही नावाचा आकडा आहे : भिंती-खिडक्यांतून चौरस मीटरमागे 15 वॉटपेक्षा जास्त उष्णता येऊ नये. बुकिंगआधी बिल्डरकडे हा आकडा आणि त्याचं गणित लेखी मागा.

‘पाडून बांधणं हिताचं.’ बांधकामाला चौरस फुटामागे साधारण साडेचार किलो स्टील आणि 0.4 पोती सिमेंट लागतं. हजार चौरस फुटांच्या घराला साडेचार टन स्टील, 20 टन सिमेंट. एवढं तयार होताना ढोबळमानाने 22 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टाइल्स, अॅल्युमिनियम, डिझेल आणि नदीकाठी पडणारा राडारोडा यात धरलेला नाही. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराचं उत्सर्जन, युनिटला 0.7 किलोने, वर्षाला 1.7 टन. वापर खरोखर निम्मा झाला तरी हे 22 टन फिटायला 26 वर्षं लागतील.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सळ्या खोलवर गंजलेल्या निघाल्या तर इमारत पाडावीच लागते, तिथे माणसांचा जीव आधी. सांगाडा धड असेल तर मात्र गच्चीवर 40 मिलिमीटर एक्सपीएसचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर आणि वर पांढरं चायना मोझॅक, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे किंवा बाहेरून बांबूचे पडदे, 75 वॉटच्या पंख्यांऐवजी 30 वॉटचे बीएलडीसी पंखे, एवढं काम रहिवासी घरात असतानाच करता येतं. त्यातही वॉटरप्रूफिंग आधी उरकून घ्या आणि थर मागाहून टाका. उलट केलंत तर गळती शोधायला सगळं पुन्हा फोडावं लागेल.