बुरावॉय, ‘सहल’ आणि तुमची प्रतिक्रिया

मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं काही वाचकांनी कळवलं. काढलेली नाही, काढणारही नाही. पण “लेखकसाहेबांनी आधी चार पुस्तकं वाचावीत, मग श्रद्धांजल्या वाहाव्यात” हे वाक्य, पुढे तो दात काढणारा चेहरा, आणि हे सगळं टोपणनावाच्या आडून? मतभेद शंभर असू द्या, खवचटपणा कशाला? मी माझ्या नावाने लिहितो, चुकलो तर माझ्याच नावाने शिव्या खातो.

एक मान्य करतो. लेखाचा सूर गौरवाचा होता. ३ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये रस्ता ओलांडताना त्यांना मोटारीने उडवलं आणि चालक पळून गेला. बातमी ताजी असताना लिहायला बसलं की हात सैल सुटतो. लेख लांबला, हेही खरं. झालं समाधान?

आता तुमचं मुख्य वाक्य, जसंच्या तसं: “हा गृहस्थ दहा महिने कारखान्यात सहल करून आला आणि कामगारच आपल्या शोषणाचा भागीदार आहे असं सांगून मोकळा झाला.”

ही सहल नेमकी कसली, ते बघू. १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठात पीएचडी करताना ते जवळच्या एका इंजिन कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. निरीक्षक म्हणून नव्हे, मशीनवर. त्याआधी झांबियात तांब्याच्या खाणींच्या उद्योगात नोकरी केली होती. देश स्वतंत्र झाला, काळे अधिकारी वर आले, तरी गोऱ्याने काळ्याच्या हाताखाली काम करायचं नाही ही रेघ तशीच वर सरकत राहिली, हे तिथे पाहिलं. पुढे ऐंशीच्या दशकात बर्कली विद्यापीठातली पक्की नोकरी असताना हंगेरीत मिश्कोल्त्स शहरातल्या लेनिन पोलाद कारखान्यात भट्टीवर उभे राहिले. पंतप्रधान येणार म्हणून तिथे रंगरंगोटी निघाली. पिवळ्या-हिरव्या रंगाचा ब्रश मिळेना, म्हणून यांनी फावडी काळी रंगवायला घेतली. साहेब ओरडला, तर म्हणाले, समाजवाद उभारायला हातभार लावतोय. शेजारचा भट्टीवाला म्हणाला, उभारत नाहीयेस, रंगवतोयस, आणि तोही काळा! १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळत असताना हे उत्तर रशियात फर्निचरच्या कारखान्यात भोकं पाडत होते. सहलीची हौस असलेला माणूस याहून बऱ्या जागा निवडतो.

आता “भागीदार”. शिकागोच्या त्या कारखान्यावरचं त्यांचं १९७९ चं पुस्तक ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ तुम्ही वाचलंत की त्याच्याबद्दल ऐकलंत? प्रश्न खोचक वाटेल, पण तुम्हीच सुरुवात केलीत. त्या कारखान्यात नगावर पैसे होते. ठरवून दिलेलं काम म्हणजे १०० टक्के, ऑपरेटरची नजर १२५ वर, आणि १४० च्या वर कोणी दाखवायचं नाही, कारण दाखवलं की नगामागचा रेट कापला जाणार. जास्तीचे नग उद्यासाठी झाकून ठेवायचे. हा खेळ कुणी लादला नव्हता, पण त्यात उतरलं की दिवस सरतो, आकडा गाठला की बरं वाटतं, आणि नफ्याचा प्रश्न कुठल्या कुठे राहतो. मुद्दा हा की मार्क्स कोळून प्यालेले बुरावॉय स्वतःही त्यात ओढले गेले. त्यांनी ते लपवलं नाही, उलट तिथूनच प्रश्न काढला: कामगार एवढं कष्टाने काम का करतात? कमी का करतात, हे विचारणारे आधी पुष्कळ झाले. स्वतःला त्याच पिंजऱ्यात उभं करणारा माणूस दुसऱ्याला आरोपी कसा ठरवेल?

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. कॉलेज सुटल्यावर मीही नगावर ड्रिलिंग मशीन चालवलं आहे. धार गेलेला ड्रिल बदलून घ्यायला टूलरूमच्या खिडकीशी उभं राहायचं, आतला माणूस मर्जीतल्याला आधी द्यायचा. माझे जास्तीचे नग बाकाखालच्या खोक्यात, वर गोणपाट. मालकाशी माझं एकदाही वाजलं नाही. वाजलं ते त्या टूलरूमवाल्याशी आणि माल उशिरा आणणाऱ्या ट्रॉलीवाल्याशी, पार गचांडी धरण्यापर्यंत. भांडण वर जाण्याऐवजी आडवं कसं पसरतं, हे बुरावॉय यांनी लिहिलेलं मी पुष्कळ उशिरा वाचलं आणि त्या ट्रॉलीवाल्याचा चेहरा आठवला. तुम्ही कधी पाळीत उभे राहिलात का? नसाल तर हरकत नाही, पण मग “कामगाराचा अपमान” हा तुमच्या प्रतिक्रियेतला शब्द जपून वापरा. तो अपमान मला तरी झालेला नाही.

बाकीच्या मुद्द्यांत फार दम नाही. वंश विसरले म्हणता, पण त्या पुस्तकात त्यावर प्रकरण आहे. निष्कर्ष पटत नसेल तर निष्कर्षाशी भांडा. शेवटच्या वर्षांत ते वंशभेदावर लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डु बॉइसकडे वळले, ते काय उगाच? बायकांच्या घरातल्या कामाबद्दल म्हणाल, तर कुठल्याही पुस्तकात सगळं नसतं. २००४ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी लोकांत जाणाऱ्या समाजशास्त्राची बाजू मांडली, त्याला तुम्ही “प्राध्यापकी करमणूक” म्हणालात. यावर काय बोलणार!

राहिलं “कामगार संघटना मोडल्यावर हे सगळं कालबाह्य झालं” हे. ते त्यांनी तुमच्या आधी, १९८५ मध्येच ‘द पॉलिटिक्स ऑफ प्रॉडक्शन’मध्ये लिहून ठेवलंय: आता मालक कारखाना दुसरीकडे हलवण्याची धमकी देतो, आणि सवलती मागणारा कामगार सवलती सोडायला लागतो. ते प्रकरण वाचून या, मग त्यावर हवं तेवढं भांडू. आणि येताना नाव घेऊन या.