‘बाळ झाले की साखर जाते’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गरोदर बायका आणि त्यांच्या सासरमाहेरची माणसे एकमेकांना एक संदेश सतत पाठवत आहेत. त्यातील मजकूर थोडक्यात असा: गरोदरपणातील साखर हा आजार नव्हे, बाळ झाले की ती आपोआप जाते, सडपातळ बाईला ती होत नाही, इन्सुलिन घेतले तर ते बाळाच्या अंगात उतरते आणि आईच्या जन्मभर मागे लागते, त्यापेक्षा भात-पोळी सोडून मेथीचे पाणी प्यावे, बाळंतपणात डिंकाचे लाडू पोटभर खावेत आणि पुन्हा तपासणीच्या फंदात पडू नये. सहा वर्षांपूर्वी, सव्विसाव्या आठवड्यात, मला गरोदरपणातील मधुमेहाचे हे निदान झाले, तेव्हा यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य मी मायेच्या माणसांकडून ऐकले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणूनच एकेका मुद्द्याचे नीट उत्तर द्यावेसे वाटते.

‘हा आजार नव्हे’ हे पहिले विधान बाळाच्या बाजूने तपासून पाहावे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटातून) स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते. ज्यांचे तेवढे करू शकत नाही, त्यांची साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचे स्वादुपिंड तिला तोंड देण्यासाठी स्वतःचे इन्सुलिन जादा बनवू लागते, आणि त्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी चढते. डेन्मार्कच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात केलेली ही मांडणी पुढच्या संशोधनात टिकली आहे. असे बाळ प्रसूतीच्या वेळी खांद्यापाशी अडकू शकते. शिवाय नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाच्या रक्तातील जादा इन्सुलिन तसेच राहते, त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन नवजात बाळाची साखर पाहतात ती यासाठी, आणि पहिल्या तासातच चीक पाजण्याचा आग्रह धरतात तोही यासाठीच. चीक टाकून मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची रीत अशा बाळाच्या बाबतीत तरी कोणी पाळू नये.

सडपातळ बाईला हा त्रास होत नाही, हे तर आपल्याकडच्याच संशोधनाने खोडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. तरीही आपल्या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळांच्या अंगात वजनाच्या मानाने चरबीचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त असू शकते, आणि आपल्या लोकांत बारीक अंगकाठी ही मधुमेहापासून हमी नाही. आपल्याकडे केवळ जाड किंवा वयाने मोठ्या बायकांचीच नव्हे, तर प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करावी असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन आहे, ते उगीच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर निदान होते.

इन्सुलिनविषयीच्या भीतीने मात्र सर्वांत जास्त नुकसान होते. इंजेक्शनमधून घेतलेले इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. बाळापर्यंत पोहोचते ती न आवरलेली साखर. बत्तिसाव्या आठवड्यापासून माझा डोस दर आठवड्याला दोन-तीन युनिटांनी वाढत गेला, तेव्हा आपलाच तोंडावर ताबा नाही असे वाटून मी रडले होते. डोस वाढतो कारण वार वाढते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर ते रडणे वाचले असते. उलट, शेवटच्या आठवड्यांत इन्सुलिनची गरज एकाएकी खूप कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. इन्सुलिन जन्मभर मागे लागत नाही: वार पडल्यावर त्याच संध्याकाळी परिचारिकेने माझे इन्सुलिनचे पेन पिशवीत ठेवून द्यायला सांगितले.

मेथीचे पाणी औषधाची जागा घेऊ शकत नाही, यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. भात-पोळी पूर्ण तोडणे मात्र चुकीचे आहे, कारण उपाशी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्ये वाढतात, जी बाळासाठी चांगली नाहीत. दोन वाट्या भात आणि नुसते वरण खाल्ले की दोन तासांनी माझे साखर मोजायचे यंत्र १५०च्या पुढचा आकडा दाखवी. त्याऐवजी एक वाटी भात, आधी काकडीची कोशिंबीर, सोबत मटकीची उसळ आणि ताक असे ताट असले की आकडा ११५च्या आसपास राही. (दोन तासांनंतर १२०च्या आत राहणे हे उद्दिष्ट असते.) चतुर्थीचा उपवासही करू नये, कारण साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास ती घातक रीतीने उतरते.

राहिला शेवटचा मुद्दा, बाळ झाले की साखर जाते हा, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच फसवा आहे. बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची खरोखरच उतरते. पण ज्या स्वादुपिंडाला गरोदरपणाचा ताण पेलला नाही ते तेच राहते, आणि अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट असते. डिंकाचा लाडू विष नव्हे; रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, वर अळिवाची गोड खीर आणि तुपातला शिरा, हे मात्र या बाळंतिणीला झेपणारे नाही. अंगावर पाजण्याने पुढच्या मधुमेहाचा धोका काहीसा कमी होतो.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची तपासणी करायची असते, म्हणजे नेमकी बाळाच्या दीड महिन्याच्या लसींच्या वेळी. रुग्णालयातून घरी सोडताना मला दिलेल्या कागदावर बाळाच्या लसींची तारीख होती, माझ्या तपासणीबद्दल एक ओळही नव्हती. लसीकरणाचे कार्ड घेऊन आम्ही तिघे वेळेवर गेलो; माझी तपासणी झाली चौदा महिन्यांनी, आणि दोन तासांनंतरची साखर १६८ निघाली. बाळंतपणानंतर १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहच. माझी उपाशीपोटीची साखर त्या दिवशी अगदी ठीक होती, म्हणून केवळ तेवढीच पाहून समाधान मानू नये, आणि पहिली तपासणी चांगली आली तरी ती दर वर्षी करावी.

या तपासणीसाठी रात्रीपासून आठ तास उपाशी राहावे लागते, आणि पहिले रक्त दिल्यावर ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तास बाकावर थांबावे लागते. तेव्हा लसीच्या दिवशी सकाळी लवकर निघावे आणि बाळाला घ्यायला आजीला किंवा नवऱ्याला सोबत न्यावे. त्या दोन तासांत बाळाला पाजायला हरकत नसते.