टाचा टेकतात का?

परवा भर दुपारी एका दुचाकीच्या शोरूममध्ये, ज्यांची माझी पुन्हा गाठ पडण्याचे काही कारण नाही अशा माणसांनी कोंडाळे करून माझ्या टाचांची तपासणी केली. वारज्याहून कॅम्पातल्या कचेरीत रोज जाऊन येण्यासाठी नवी गाडी हवी, तिने पाठीचे मणके शाबूत ठेवावेत आणि पावसाळ्यातल्या ओल्या सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हावे, एवढेच माझे म्हणणे होते. विक्रेत्या मुलाने ते ऐकून घेतले, मान डोलावली आणि गाडीला मोबाइल कसा जोडता येतो ते सांगायला सुरुवात केली. पाठीचे काय, असे विचारल्यावर त्याने मला १२५ सीसीच्या एका स्कूटरवर बसवले आणि शोरूमच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘‘सर, टाचा टेकतात का?’’

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. एवढ्या उंचीत मी नोकरी केली, संसार केला, पीएमटीच्या बसमध्ये दांडीला लोंबकळलो आणि ती कुणाला अपुरी वाटल्याचे माझ्या कानावर आले नव्हते. बहुतेक स्कूटरींचे आसन जमिनीपासून पाऊण मीटरहून जरासेच वर असते, म्हणजे फार नव्हे; पण आसन पुढच्या बाजूला रुंद असले की मांड्या फाकतात आणि तेवढ्याने पाय आखूड पडतात, ही गोष्ट माहितीपत्रकातल्या आकड्यांत कुठेच नसते. मी चवड्यांवर तोललेला होतो. चवडे टेकले आहेत, असे हळूच सांगणार, एवढ्यात सोफ्यावरून निकाल आला : ‘‘टेकत नाहीत.’’

हे गृहस्थ सत्तरीचे असावेत. आपली गाडी सर्व्हिसिंगमधून बाहेर येण्याची वाट पाहता पाहता त्यांनी तिथले वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट संपवले होते आणि आता त्यांना नवा विषय मिळाला होता. गुडघ्यावर एक हात ठेवून ते माझ्या पायाशी वाकले आणि हातातले जॉबकार्ड त्यांनी माझ्या टाचेखाली सरकवून पाहिले. ‘‘जातंय,’’ ते म्हणाले. मग त्यांनी जॉबकार्डाची घडी घातली. ‘‘घडी घालूनसुद्धा जातंय.’’ दुसरी घडी घालून झाल्यावर त्यांनी वॉचमनला बोलावले, कारण त्यांच्या मते अशा बाबतीत तिऱ्हाइताची नजर हवी. वॉचमनने दोन्ही बाजूंनी फिरून पाहिले आणि ‘‘डावी जरा टेकतीय साहेब, उजवी नाय,’’ असा अहवाल दिला. शेजारची मोटारसायकल पाहणारे एक जोडपेही ती सोडून इकडे आले. पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी तिला चालून दाखवायला सांगत, तसे मला उतरून पुन्हा बसायला सांगण्यात आले, आणि मुख्य म्हणजे मी उतरून पुन्हा बसलो.

‘‘आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता,’’ गृहस्थ म्हणाले. त्यांच्या वेळी म्हणजे चेतकच्या वेळी. १९७२ साली बाजारात आलेली ही आकुर्डीची गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, हे खरेच आहे. परदेशातल्या एखाद्या मेव्हण्याने डॉलर पाठवले की नंबर झटकन लागत असे, हेही त्यांनी सांगितले. त्यांचा मेव्हणा मिरजेला असल्यामुळे त्यांना थांबावे लागले. तिचे इंजिन उजव्या कुशीत होते, ती थंडीत सुरू होईना की तिला तिरकी करून पेट्रोल खेळवावे लागे आणि मग किक मारावी लागे. ही सगळी आठवण तोंडी सांगून भागण्यासारखी होती. परंतु त्यांनी हँडल धरले आणि, मी वर बसलेला असताना, शोरूममधली कोरी करकरीत स्कूटर तिरकी केली. आजच्या गाड्यांत इंधन इंजेक्शनने जाते, तिरकी करून काही होत नाही, असे विक्रेता मुलगा धावत येत ओरडला. ‘‘पेट्रोलचं नाही हो, तोल बघतोय,’’ गृहस्थ शांतपणे म्हणाले. माझा तोल त्यांच्या पाहण्यात नव्हता.

‘‘मागे कोण बसणार?’’ त्यांनी विचारले. ‘‘कधीमधी सौ.,’’ मी म्हणालो. ‘‘मग मी बसतो त्यांच्या जागी,’’ असे म्हणून ते खरोखरच मागे बसले. मागचा शॉकअब्सॉर्बर दबला, गाडी बोटभर खाली आली आणि वॉचमन आनंदाने ओरडला, ‘‘टेकल्या, टेकल्या!’’ गृहस्थांनी मागून माझ्या खांद्यावर थोपटले आणि निर्वाळा दिला, ‘‘गाडी उत्तम आहे. फक्त मागे कायम कुणीतरी बसवत चला.’’ त्यावर विक्रेता मुलगा मला म्हणाला, ‘‘मग सर, बुक करू?’’

मला राग आला तो त्या गृहस्थांचा नव्हे. निदान त्यांनी गाडीवर कुणाला तरी बसवून पाहिले. शोरूमला मात्र आरामाची परीक्षा घ्यायचीच नसते. टेस्ट राइड म्हणून मला मागच्या गल्लीत, गुळगुळीत डांबरावर, वळणापर्यंत आणि परत, एवढी चक्कर मिळाली, तीही तो मुलगा मागे बसून. तेवढ्यात समोरून येणाऱ्या एका सद्गृहस्थाने बोटांची उघडझाप करून दिवा चालू असल्याचे सुचवले. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर लागतो आणि तो बंद करायला बटणच नसते, हे धावत्या गाडीवरून समजावून सांगता येत नाही.

गल्लीत गतिरोधक एकही नव्हता आणि माझ्या वाटेवर त्यांचेच राज्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असावा लागतो, म्हणजे चाक त्यावर अलगद चढून अलगद उतरावे. आमच्याकडे तीच उंची, किंबहुना जास्तच, हातभर लांबीत बसवतात. स्कूटरची चाके दहा-बारा इंचांची, त्यातून इंजिन आणि बेल्टचा सगळा पसारा मागच्या चाकाबरोबरच वरखाली होणार. त्यामुळे प्रत्येक दणका थेट कमरेपर्यंत पोहोचतो. साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीची अठरा इंची चाके आणि मागचे दोन शॉकअब्सॉर्बर हेच खड्डे पुष्कळ सौम्य करतात. पण नळ स्टॉपच्या सिग्नलला क्लच दाबून दाबून डावे मनगट कामातून जाते आणि भाजीची पिशवी पायाशी ठेवायला जागा नसते. म्हणजे कंबर की मनगट, एवढीच निवड माणसाच्या हाती उरते. रस्त्याचा कर आपण आगाऊ भरतो, रस्ता मात्र उधारीवर असतो.

विश्वासार्हतेवर शोरूममध्ये कुणीच बोलले नाही. ते उत्तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दिले, तेही माझ्याकडे न बघता : ‘‘जिचा बेल्ट, ब्रेकशू आणि केबल माझ्याकडं आत्ता पडल्यात, ती घ्या. बाकी सगळ्या सारख्याच.’’ त्याच्या दुकानात टांगलेल्या केबली पाहून मी ११० सीसीची, आसन निमुळते असलेली एक स्कूटर ठरवली आणि दुसऱ्या शोरूममध्ये गेलो. तिथे टाचा टेकल्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष कोटेशनवर होते.

त्यात पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा होता; तो २०१८ पासून सक्तीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हेल्मेटचे पैसे वेगळे लावले होते. गाडी विकताना हेल्मेट द्यावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून आडोसा असावा, हेही त्याच नियमांत आहे. इथे साडीगार्ड मात्र ‘अ‍ॅक्सेसरी किट’मध्ये होते, आणि ते किट ऐच्छिक असले तरी ते घेतल्याशिवाय गाडी मिळत नाही, असे मला न हसता सांगण्यात आले. शेवटी ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची एक ओळ होती. हँडल तर गाडीबरोबरच येते ना, असे मी विचारून पाहिले. कुणी हसले नाही. तेव्हा मी त्या रकमेची छापील पावती मागितली आणि रक्कम तत्काळ निम्मी झाली. उरलेल्या निम्म्याचीही पावती मागितली असता हिशेबनीस जेवायला गेले असल्याचे कळले. हे बुधवारी सकाळी दहाचे. काल संध्याकाळी फोन केला, तेव्हाही ते जेवतच होते.