मोठी चाकं लावली म्हणून गाडी पळत नाही

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

इथे श्टुटगार्टला आमच्या ओळखीतला एक पोरगा आहे, नाशिकचा. पै पै साठवून त्याने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, दीड लिटर इंजिनवाली. आज हौसेने दाखवायला आला आणि बघतो तर खाली १८ इंची रिम! कंपनीची १६ इंची चाकं दुकानदाराने एक्सचेंजमध्ये काढून घेतली आणि वर सांगितलं की आता गाडी खरी स्पोर्टी झाली. अरे ती होतीच स्पोर्टी, तुम्ही घालवलीत!

माझ्या शेजाऱ्याकडे पहिल्या पिढीची एमएक्स-५ आहे, १९८९ ला आलेलं मॉडेल. टायर १८५/६० आर१४ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची), आजच्या पोरांना बघून हसू येईल एवढे बारीक. ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी५०० रस्त्यावर त्याने मला एकदा ती चालवायला दिली, नुकताच पाऊस पडून गेलेला, आणि वळणात ग्रिप संपायच्या आधी स्टिअरिंग हातात हलकं होत जातं ते मला बोटांना कळत होतं. स्पोर्ट्स कार यासाठीच घेतात ना आपण लोक?

आज या पोराची गाडी चालवली, तर रस्त्यात ट्रकच्या चाकांनी पडलेली चाकोरी दिसली की स्टिअरिंग आपलं तिकडेच ओढतंय. १९५/५० आर१६ ला साइडवॉल साडेसत्त्याण्णव मिमी, याच्या २१५/३५ आर१८ ला जेमतेम ७५. खड्डा बसला की सगळा दणका रिमला आणि तुमच्या मणक्याला. शिवाय ही रिम जड. चाकाचं वजन नुसतं वाहून न्यायचं नसतं, दर वेळी फिरवायचं आणि थांबवायचंही असतं, म्हणून तिथला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा जास्त नडतो, आणि सस्पेंशनलाही तेच ओझं प्रत्येक उंचवट्यावर वरखाली नाचवावं लागतं. १३२ हॉर्सपॉवरच्या गाडीला गमबूट घालून पळायला लावलंय!

टोयोटाने २०१२ ला जीटी८६ ही याहून ताकदवान स्पोर्ट्स कार आणली तेव्हा मुद्दाम २१५ मिमी रुंदीचेच टायर दिले, वेग फार नसतानाही गाडी खेळवता यावी म्हणून. फॉर्म्युला वनने २०२२ ला १३ वरून १८ इंचावर उडी मारली, चाकं जड झाली, आणि २०२६ ला टायर पुढे २५ आणि मागे ३० मिमीने अरुंद केले. हे सगळे खुळे आणि तो दुकानदार तेवढा शहाणा?

हो, मान्य, पोर्शे ९११ कॅरेरा एसला मागे २१ इंच आणि ३०५ रुंदीचा टायर लागतो, तेवढी ताकद आणि तेवढे ब्रेक आहेत तिच्याकडे. ट्रॅकवर रुंद टायरने वेळ कमी लागते, तेही मान्य. पण हा पोरगा कुठे ट्रॅकवर जातोय?

त्याच्यावर नाही हो राग माझा. त्याचा चेहरा बघून मी तिथे निम्मंच बोललो. पहिली गाडी, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती त्याने. राग त्याचा येतो की तेवढ्याच पैशात उत्तम रबराचे चार टायर आले असते, १६ इंचाचेच, आणि पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते ते त्याला कळलं असतं. शेजाऱ्याने तेच केलंय, रिम जुनीच, टायर मात्र दर वेळी चांगले.

उद्या त्या पोराला शेजाऱ्याच्या गाडीत बसवतोय, बी५०० लाच नेतो. आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे भागात कुणाकडे सध्याच्या मॉडेलची ओरिजिनल १६ इंची चाकं पडून असतील, चार बोल्टवाली, तर इनबॉक्समध्ये किंमत सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.