खिडकीतल्या अँटेनावर दोनशे चॅनेल येत नाहीत

व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकच्या जाहिरातींत एक दावा सारखा फिरत असतो. खिडकीच्या काचेला चिकटवायची पातळ अँटेना घ्या, तिची वायर टीव्हीला जोडा, की दोनशेहून जास्त चॅनेल एचडीत फुकट. छत्री नको, डबा (सेट-टॉप बॉक्स) नको, रिचार्ज नको. रेंज तीनशे किलोमीटर. आणि हे आजवर तुम्हाला कळू दिलं नाही, कारण केबलवाल्यांचा धंदा बसेल. दर महिन्याचा रिचार्ज ज्यांना जड जातो, नेमकी तीच घरं अशा जाहिरातीला पैसे पाठवतात आणि मग पडद्यावर मुंग्या बघत बसतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी दोनशे चॅनेलचं. अँटेना चॅनेल तयार करत नाही, हवेत जे आहे तेवढंच पकडते. आणि जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही प्रसारण करण्याची मुभा आपल्याकडे फक्त दूरदर्शनला आहे. खाजगी वाहिन्यांना ती कधी मिळालीच नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी उपग्रहावर जातात आणि तिथून केबलवाल्याकडे किंवा तुमच्या छत्रीवर उतरतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही टॉवरवरून त्या निघत नाहीत. मग खिडकीतली पट्टी त्या पकडणार कुठून?

हा दावा पटतो, त्यामागे खरी आठवण आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसू लागलं, आणि पुढची कित्येक वर्षं गच्चीवर काड्यांची अँटेना फिरवूनच लोकांनी टीव्ही पाहिला. तेव्हा तो खरोखर फुकट होता. पण ते ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचं, प्रक्षेपण आता जवळपास संपलं आहे. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० ट्रान्समीटर सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, असं प्रसार भारतीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. गावाजवळचा दूरदर्शनचा टॉवर उभा दिसतो, म्हणून त्यावरून टीव्हीचा सिग्नल निघतोच असं धरून चालू नका.

यावर जाहिरातवाले म्हणतात, ‘आता डिजिटल आलंय’. आलं होतं हे खरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, ही महाराष्ट्रातली दोन. त्यावर वाहिन्या होत्या पाच, पाचही दूरदर्शनच्या. शिवाय त्यासाठी टीव्हीत डीव्हीबी-टी२ प्रकारचा ट्यूनर, म्हणजे त्या डिजिटल सिग्नलचं चित्र करणारा भाग, लागतो. तो नसेल, तर अँटेना कितीही महागाची असो, काही दिसणार नाही. दोनशेतली उरलेली एकशे पंच्याण्णव कुठून येतात, हे त्या व्हिडिओंत कधीच दाखवत नाहीत.

तीनशे किलोमीटरच्या रेंजचा दावा तर शाळेतल्या गणितातच कोसळतो. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. टॉवरची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि सुमारे ४.१ ने गुणा. जमिनीलगत सिग्नल किती किलोमीटर पोहोचेल याचा अंदाज मिळतो. ३०० मीटरच्या टॉवरला हे उत्तर ७१ येतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. समुद्रसपाटीपासूनची ती सगळी उंची टॉवरची म्हणून धरली, तरी मजल १६५ ते १७० किलोमीटरच. तीनशे गाठायचे तर पाच किलोमीटरहून उंच टॉवर लागेल. आणि हा सगळा हिशोब मोकळ्या माळावरचा आहे. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि खिडकीची लोखंडी जाळी यांच्याआड ठेवलेल्या अँटेनाला याच्या कितीतरी कमी मिळतं.

सिग्नल वाढवायचा म्हणून सोबत मिळणारा ‘बूस्टर’ही यात मदत करत नाही. जिथे सिग्नलच नाही तिथे तो फक्त खरखर मोठी करतो. ‘फोरके’, ‘एटके’ ही लेबलं निव्वळ सजावट आहे. चित्र किती बारकाईचं हे प्रसारणावर आणि टीव्हीवर ठरतं, अँटेनाचा त्याच्याशी संबंध नाही.

मग इतक्या व्हिडिओंत लोक खरोखर चॅनेल लावून दाखवतात, ते सगळे खोटे का? नाही. अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस ही वाहिन्यांची जाळी स्थानिक टॉवरवरून विनाशुल्क दिसतात, ब्रिटनमध्ये तशीच फ्रीव्ह्यू सेवा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या भाच्याने घरातल्या अँटेनावर न्यूयॉर्कची डझनावारी चॅनेल दाखवली, तर ते खरंच असेल. मराठी मालिका मात्र त्यालाही तिच्यावर मिळणार नाही. तिथली खरी गोष्ट इथे माल खपवायला वापरली जाते, आणि फसवणूक नेमकी तिथे आहे.

राहिला लपवाछपवीचा आरोप. फुकट टीव्ही आपल्याकडे आहे, सरकारी आहे आणि तो कुणी लपवलेला नाही. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून देशातल्या कोट्यवधी घरांत चालते. सह्याद्री, डीडी न्यूज यांच्याबरोबर लिलावात जागा घेतलेल्या खाजगी वाहिन्याही तिच्यावर दिसतात. त्यांची यादी बदलत राहते, त्यामुळे हवी ती वाहिनी आज आहे का ते आधी पाहून घ्या. तिला साधारण दोन फुटी छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) आणि डबा लागतो. एकदाच दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च, पुढे महिन्याला काही नाही. ज्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो, त्याला वेगळा डबाही लागत नाही. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे महाराष्ट्रातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे. त्या दिशेला समोरची इमारत किंवा आंब्याचं झाड आडवं येत नसेल, तर काम होतं. धो धो पावसात चित्र थोडा वेळ जातं, एवढी उणीव मान्य करूनच घ्या.

अँटेना आधीच मागवली असेल आणि विकणारा ती परत घ्यायला तयार नसेल, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.