'ड्रिल हातात देणं' या शब्दांबद्दल

नमस्कार. अंधांनी घरदुरुस्तीची कामं करण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "नळाचा वॉशर बदलणं समजू शकतो, पण अंध माणसाच्या हातात ड्रिल देणं हा बेजबाबदारपणा आहे." पुढे वायरींच्या रंगांचा प्रश्न, आणि शेवटी "कुणीतरी डोळसाने तपासायला हवंच" हा निर्वाळा.

मी अडलो तो 'देणं' या शब्दाशी. ड्रिल कोण कुणाला देतं? लहान मुलाला कात्री द्यावी की नाही, असा हा सूर आहे. माझी नजर जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तेव्हापासून घरातल्या भिंतींना भोकं मीच पाडतो. निदान मला तरी हे शिकवू नका.

एक चूक कबूल. लेखात संरक्षक चष्म्याचा उल्लेख राहिला. दिसत नसलं तरी उडालेली कपची डोळा फोडू शकते, तेव्हा चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत: ड्रिलच्या फिरत्या बिटात, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीत, ते अडकतात आणि बोटांना काही कळेनासं होतं.

आता ड्रिल. खूण पेन्सिलीने नाही, सेंटर पंचने, म्हणजे ठोकून खळगा पाडणाऱ्या टोकदार अवजाराने करायची. खळगा नखाला लागतो. मशीन बंद ठेवून बिटाचं टोक खळग्यात टेकवायचं. मग गुण्या बिटाला लावून काटकोन तपासायचा, तोही वरून आणि बाजूने असा दोनदा, कारण एका दिशेने सरळ असलेलं बिट दुसरीकडे कललेलं असू शकतं. त्यानंतर दोन्ही हात मशीनवर, आणि मगच बटण, तेही हळू. भोकाच्या खोलीसाठी बिटावर स्टॉप कॉलर, म्हणजे ठरावीक खोलीला अडवणारं कडं, कसायची. स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग ४० मिमीचा असेल तर कॉलर ४५ वर, म्हणजे तळाशी साचणाऱ्या भुकटीला जागा राहते. नेहमीची चिकटपट्टीची खूण बघणाऱ्यासाठी ठीक आहे. कॉलर भिंतीला टेकली की हाताला कळतं. गिलाव्यातून विटेत शिरताना आवाज बदलतो. पोकळी लागली की रोध एकदम संपतो आणि अंगाचा भार टाकलेला असेल तर मशीन पुढे झेपावतं, म्हणून दाब फक्त हातांचा ठेवायचा.

आता सांगा, यात नजर कुठे लागली? भिंतीत गेलेलं बिटाचं टोक तुम्हालाही दिसत नाही. आतली वायर किंवा पाइपही दिसत नाही. ते शोधणारं यंत्र आवाज करून सांगतं, तुम्हाला आणि मलाही.

रंगांचं म्हणाल तर वायरी सोडवण्याआधीच पहिलीला टेपचा एक वेढा, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मेन बंद केल्याची खात्री व्होल्टेज बोलून सांगणाऱ्या मीटरने, आणि तो मीटर आधी चालू सॉकेटवर तपासून. एवढं पुरे.

डोळसाने तपासण्याच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही.

चष्म्याची ओळ आज लेखात घालतो. 'देणं' हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, एवढी अपेक्षा.