कोलायटिस शांत आहे, मग कोलोनोस्कोपी कशाला?

‘अल्सरेटिव्ह कोलायटिस आटोक्यात असेल, रक्त पडत नसेल, तर कोलोनोस्कोपीची गरज नाही. आतड्यात निळा रंग फवारणं हा बिल वाढवायचा उद्योग आहे. कॅन्सर असला तर साध्या दुर्बिणीतही दिसतो, नाहीतर स्टूल टेस्टमध्ये कळतोच.’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी, वर्षानुवर्षं टिकणारी सूज; कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून ते आतडं आतून पाहणं. तो वाचून कुणी तपासणी पुढे ढकलू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी रक्ताचं. कॅन्सरचा धोका ठरतो तो आजार किती वर्षांचा आहे, मोठ्या आतड्याचा किती भाग त्यात सापडला आहे आणि सूज किती काळ टिकली, यांवरून. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी नियमित कोलोनोस्कोपी सुरू करायला सांगतात. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर ती लागत नाही. पित्तनलिकांचा पीएससी हा आजारही असेल तर मात्र 8 वर्षं थांबायचं नाही. त्याचं निदान झाल्यापासून दरवर्षी तपासायचं. शिवाय सुजलेल्या आतड्यात सुजेमुळे झालेला बदल कोणता आणि कॅन्सरपूर्व बदल, म्हणजे डिसप्लेसिया, कोणता हे पॅथॉलॉजिस्टलाही सांगणं जड जातं. त्रास नसतो तीच तपासणीची योग्य वेळ.

‘साध्या दुर्बिणीत दिसतोच’ हा दावा सगळ्यात घातक. कोलायटिसमधला डिसप्लेसिया पुष्कळदा सपाट असतो, त्याच्या कडा आजूबाजूच्या अस्तरात मिसळून गेलेल्या असतात. पूर्वी तपासणीसाठी दर 10 सेंटिमीटरला अस्तराचे 4 बारीक तुकडे अंदाजाने काढायचे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या 2004 च्या अभ्यासात 100 रुग्णांचे असे 2904 तुकडे तपासले. एकातही डिसप्लेसिया मिळाला नाही. त्याच रुग्णांच्या आतड्यात इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारून फक्त संशयास्पद जागांचे 157 तुकडे घेतले, तेव्हा डिसप्लेसियाच्या 9 जागा सापडल्या. त्यांतल्या 7 रंग पडल्यावरच दिसल्या! रंग अस्तरावरच्या बारीक खाचांत साचतो आणि कडा उठून दिसतात, एवढंच त्यामागचं तंत्र.

बिलाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दुर्बीण एचडी असेल तर रंगाचा जादा फायदा कमी होतो, काही अभ्यासांत तो दिसलाही नाही. रंगाऐवजी बटण दाबून प्रकाश बदलणारं एनबीआय तंत्र 2018 च्या एका चाचणीत रंगाच्या जवळपास बरोबरीचं ठरलं आणि वेळही कमी लागला. पण जुन्या, एचडी नसलेल्या दुर्बिणीने तपासणी होणार असेल तर रंग हवाच. पीएससी असेल किंवा आधी डिसप्लेसिया सापडला असेल तर अंदाजाने घेतलेले तुकडेही अजून उपयोगी पडतात.

स्टूल टेस्ट रक्त शोधते. कोलायटिसमध्ये रक्त नुसत्या सुजेनेही येतं आणि सपाट डिसप्लेसियातून कधीकधी येतच नाही. तिच्यावर विसंबून राहू नका.

तारीख घेताना विचारा: दुर्बीण एचडी आहे का, रंग किंवा एनबीआय वापरणार का? आणि पोट साफ करायचं औषध सांगितलं तेवढं सगळं प्या. मळ चिकटलेल्या अस्तरावर रंग फवारून काहीच दिसत नाही.